प्राण्यांच्या सणांची चित्रपुस्तकं करताना या चुका टाळा

सणावरची चित्रपुस्तकं मुलांना मनापासून आवडतात, आणि त्यात प्राणी असतील तर विचारायलाच नको. हत्ती दिवे लावतोय, कासव पाहुण्यांची वाट बघतंय, खारूताई घर आवरतेय, असं चित्र दिसलं की तीन वर्षांचं मूलही पुस्तक ओढून घेतं. अशी मालिका करायला घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. चित्र गोड आहे, सण ओळखीचा आहे, मग गोष्ट आपोआप जमेल असं वाटतं. ती जमत नाही. पहिल्या वाचनाला मूल हसतं आणि दुसऱ्यांदा ते पुस्तक काढतच नाही.

मी बालसाहित्याच्या संपादनाचं काम करते. अशा हस्तलिखितांना मी सगळ्यात आधी एक चाचणी लावते. गोष्टीतला ससा काढून तिथे खार घालायची आणि वाचायची. मग सण बदलून वाचायची. दोन्ही वेळा गोष्ट तशीच्या तशी चालली, तर ती अजून तयार झालेली नाही. प्राणी आणि सण एकमेकांना कुठेतरी अडले पाहिजेत. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे काणाडोळा केल्यामुळे होतात.

प्राण्याला टोपी घातली, की झालं असं समजणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. ससा नवे कपडे घालतो, घर सजवतो, मित्रांना बोलावतो, सगळे मिळून खातात, झोपतात. या गोष्टीत ससा कुठे आहे? लांब कान असलेला एक माणूस आहे फक्त.

सशाकडे नीट बघितलं तर गोष्ट तिथेच पडलेली असते. बिळं करून राहणारे ससे धोका जाणवला की मागचा पाय जमिनीवर आपटतात. तो 'धप्प' आवाज ऐकला की बाकीचे बिळात पळतात. आता या सशांच्या माळावर सणाची मिरवणूक येते आणि ढोल वाजायला लागतो. धप्प. बाहेर होते ते सगळे क्षणात बिळात. पुन्हा धप्प. आजी सशीण म्हणते, "आज फार मोठं संकट आलंय, केव्हाचा इशारा चाललाय!" एकट्या छोट्या सशाला मिरवणूक बघायचीय. तो बिळाच्या तोंडाशी बसून ऐकतो आणि त्याच्या लक्षात येतं, की घाबरलेला पाय कधीही, कसाही आपटतो, पण हा आवाज तर ठरल्या वेळी येतोय. धप्प धप्प, थांब. धप्प धप्प, थांब. आता हे आजीला कसं पटवायचं? तो स्वतःचा पाय ढोलाच्या ठेक्यात आपटायला लागतो, आणि घरातले चिडतात, घाबरतात, मग हळूच एकेकाचा पाय हलायला लागतो.

इथे ससा काढून खार घाला, गोष्ट कोसळते. ढोल काढा, तरी कोसळते. हवं ते हेच.

असे अडथळे जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या अंगात असतात. कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो, पण लाल आणि हिरव्यातला फरक त्याला आपल्यासारखा दिसत नाही. मग लाल कंदिलांच्या सणात त्याला "लाल कंदील घेऊन ये" असं सांगितलं तर तो कसा शोधेल? वासावरून? हत्ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खोल आवाजात लांबच्या कळपाशी बोलतात. दूर राहणाऱ्या मावशीला आमंत्रण द्यायला त्यांना पत्र लागत नाही. थंड प्रदेशातलं अस्वल हिवाळा गुहेत झोपून काढतं, म्हणजे हिवाळ्यातला एकही सण त्याने आजवर पाहिलेला नाही! त्याच्या मित्रांनी त्याच्यासाठी सणातलं काय राखून ठेवायचं, या एका प्रश्नावर सबंध पुस्तक उभं राहील.

ही माहिती गोष्टीत उगाच कोंबायची नाही. प्राण्याबद्दल दहा गोष्टी वाचा आणि त्यातली एक वापरा. ती मात्र गोष्टीचा कणा असू द्या.

ताटात काय आहे, हे न ठरवणं

सण म्हटला की पंगत आली. आणि पंगतीत कोल्हा, ससा, घुबड आणि उंदीर शेजारी शेजारी बसले की चार वर्षांचं मूल विचारतंच: कोल्हा काय खातोय? लेखकाने याचं उत्तर ठरवलेलं नसेल, तर चित्रकार आपल्या मनाने काहीतरी काढतो. मी असं एक चित्र पाहिलंय, ज्यात डुक्कर यजमान होतं आणि टेबलावर भाजलेलं मांस होतं. लेखकाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मुलांचं मात्र पहिल्यांदा तिथेच जातं.

उपाय एकच आहे. मालिकेच्या जगाचे नियम पहिल्या पुस्तकाआधी एका कागदावर लिहून काढा. या जगात कोणी कोणाला खातं का? नसेल, तर वाघ काय खातो? कीटक पात्रं आहेत की खाऊ? कपडे कोण घालतं: सगळे, कोणीच नाही, की फक्त सणाच्या दिवशी? प्राणी घरात राहतात की बिळात, घरट्यात? माणसं या जगात आहेत का? हत्ती आणि उंदीर एकाच दारातून कसे जातात? नियम कोणतेही चालतील, मूल ते लगेच स्वीकारतं. तिसऱ्या पुस्तकात ते गुपचूप बदलले तर मात्र पकडतं.

चंद्र, ऋतू आणि दिव्यांची संख्या अंदाजाने काढणं

हा भाग चित्रकाराचा आहे असं समजून लेखक मोकळा होतो. प्रत्यक्षात सर्वांत लाजिरवाण्या चुका इथेच होतात, आणि त्या छापून झाल्यावर सापडतात.

रात्रीचं चित्र सुंदर दिसावं म्हणून आकाशात गोल चंद्र टाकायची सवय असते. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असतं. त्या रात्रीच्या चित्रात पूर्ण चंद्र आला, की तो सण ज्यांचा आहे त्यांच्या घरात पुस्तकावरचा विश्वास उडतो. चिनी नववर्षही अमावास्येला सुरू होतं. उलट, चीनमधला मध्य-शरद उत्सव आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा, तिथे चंद्र भरलेलाच हवा. रमजान ईदची चाहूल लागते ती अगदी बारीक कोरीने, तीही सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ, पश्चिमेच्या आभाळात खाली. ती कोर मध्यरात्री डोक्यावर काढली तर चूक. कोरीचा उजळ भाग नेहमी मावळलेल्या सूर्याच्या बाजूला असतो आणि टोकं त्याच्या विरुद्ध दिशेला. चित्रात क्षितिजावर संधिप्रकाश कुठे आहे ते पाहा आणि त्यावरून कोर तपासा. आणखी एक: कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये तारा काढू नका. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार नाही.

ऋतूंचा गोंधळ याहून मोठा. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्याने ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरते. तेव्हा ईदच्या पुस्तकात सगळ्यांना लोकरी कपडे घालून त्याला कायमचा हिवाळी सण करू नका. ही अडचण खरं तर फार छान गोष्ट देऊ शकते. हिवाळाभर झोपणारं अस्वल, ज्याचा सण वर्षानुवर्षं झोपेत जायचा, आणि एका वर्षी सण सरकत सरकत त्याच्या जागं असण्यापर्यंत येतो! ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येऊ शकतो, म्हणून "अमुक तारखेला" असं वाक्य पुस्तकात घालू नका. ख्रिसमसची तारीख ठरलेली आहे, पण ऋतू नाही. दक्षिण गोलार्धात तो भर उन्हाळ्यात येतो. ऑस्ट्रेलियातल्या कांगारूच्या दाराशी बर्फाचा माणूस उभा करायचा नाही. ध्रुवीय अस्वल उत्तरेकडचं आणि पेंग्विन दक्षिणेकडचे. त्यांना एकत्र सण साजरा करायला लावायचं असेल, तर इतका लांबचा प्रवास कोणी आणि कसा केला हे गोष्टीत यायला हवं.

रेनडिअरचं उदाहरण मला विशेष आवडतं. या हरणांत नर आणि मादी दोघांनाही शिंगं असतात, पण मोठे नर ती साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत गाळून टाकतात. माद्यांची शिंगं वसंतापर्यंत टिकतात. म्हणजे डिसेंबरअखेर भरघोस शिंगं मिरवणारं रेनडिअर बहुतेक वेळा मादी असणार. याला चूक म्हणून घाबरण्यापेक्षा नायिका म्हणून उभं करा.

संख्येच्या चुका तर मोजून टाळता येतात. हनुका या ज्यू सणाचा दीपस्तंभ नऊ शाखांचा असतो: आठ रात्रींच्या आठ मेणबत्त्या आणि बाकीच्या पेटवायला लागणारी एक. सात शाखांचा काढला तर तो वेगळाच दीपस्तंभ झाला. पहिल्या रात्री मदतनीस धरून दोन ज्योती, आठव्या रात्री नऊ. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे लावून ठेवतात आणि पेटवताना सगळ्यात नवीपासून, म्हणजे डावीकडून, सुरुवात करतात. आता पुस्तकाची मांडणी करणाऱ्याने मजकुराला जागा हवी म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं, तर हे सगळं उलटं होतं. उलटवलेल्या चित्रांत पाटीवरची अक्षरं उलटतात, डावा-उजवा हात बदलतो, चंद्राची कोर फिरते. सणाच्या पुस्तकात एकही चित्र उलटवायचं नाही, हा नियम मांडणीकाराला लेखी द्या.

त्या परंपरेत तो प्राणी कोण आहे, हे न विचारणं

एकच प्राणी एका ठिकाणी शुभ, दुसरीकडे अशुभ. घुबड ग्रीक परंपरेत शहाणपणाचं, भारतात लक्ष्मीचं वाहन आणि तरीही अनेक घरांत अपशकुनी. युरोपात वटवाघूळ भुताखेतांच्या बाजूला, तर चिनी परंपरेत सुदैवाचं चिन्ह. चिनी राशिचक्रात ससा असतो तिथे व्हिएतनाममध्ये मांजर. म्हणजे २०२३ हे वर्ष चीनमध्ये सशाचं आणि व्हिएतनाममध्ये मांजराचं होतं. ईदच्या किंवा हनुकाच्या पुस्तकात डुकराला यजमान करणं हा केवळ अज्ञानाचा भाग असला, तरी वाचणाऱ्या घराला तो अपमानच वाटेल.

इथे माझा आग्रह आहे: त्या सणात वाढलेल्या किमान दोन-तीन माणसांना डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, दाखवा, आणि तीही रेखाटनं पेन्सिलीत असतानाच. रंग चढल्यावर दाखवलं की सगळ्यांचाच जीव बदल करायला धजत नाही. ती माणसं वेगवेगळ्या वयाची आणि शक्यतो वेगवेगळ्या गावची असू द्या, कारण एकच सण दोन घरांत दोन प्रकारे होतो. त्यांचे मतभेद झाले तर घाबरू नका. ज्यावर एकमत झालं ते मुख्य चित्रात ठेवा, बाकीचं सोडा.

पूजा, नमाज, प्रार्थना यांच्या बाबतीत मी सावध राहायला सांगते. प्राण्यांना सणाची तयारी करू द्या, वाट बघू द्या, भेटू द्या, रुसू द्या. पण देवाच्या किंवा धर्मगुरूच्या जागी प्राणी बसवला की अनेकांचं मन दुखावतं, आणि मुलाला त्यातून जास्तीचं काहीच मिळत नाही.

मालिकेत एकच नायक सगळे सण साजरे करत असेल, तर त्याला पाहुणा करावा लागतो. युक्ती चांगली आहे, कारण पाहुण्याला प्रश्न विचारता येतात आणि वाचणाऱ्या मुलाच्या शंका आपोआप सुटतात. पण प्रत्येक वेळी ससाच पाहुणा आणि बाकी सगळे यजमान असले, तर नकळत सशाचं घर "नेहमीचं" ठरतं आणि इतरांची घरं "वेगळी". दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात ससा यजमान होऊ द्या आणि कासवाला त्याच्या घरातल्या पद्धतींचं नवल वाटू द्या.

मुलं जे बघतात ते करतात, याचा विसर

पुस्तकातल्या कुत्र्याने सणाचं चॉकलेट खाल्लं, तर ते वाचणारं मूल घरातल्या कुत्र्याला चॉकलेट भरवेल. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं. मनुका आणि द्राक्षंही. ईस्टरच्या सजावटीत शोभणारी लिली मांजराच्या मूत्रपिंडांना इतकी घातक असते, की तिचा थोडासा भाग चावणंही जीवावर बेतू शकतं. चकाकत्या झिरमिळ्यांशी खेळणारं मांजर चित्रात गोड दिसतं, पण तसली दोरी गिळल्यावर आतड्यात अडकते. आकाशात सोडलेले फुगे आणि कागदी कंदील कुठेतरी खाली पडतातच आणि तिथले प्राणी त्यात गुंततात, ते खातात.

सणांच्या चित्रांतली आगही बघा. वाळक्या पानांच्या घरट्यात मेणबत्ती, गवताच्या छपराखाली पणती, पिल्लू एकटंच फटाका पेटवतंय, असं चित्र सजावट म्हणूनही नको. ज्योत हवी असेल तर शेजारी मोठं कोणीतरी दाखवा आणि दिवा दगडावर ठेवा. चित्रकाराला हे दोन मिनिटांचं काम आहे.

आवाजाबद्दल तर गोष्टच लिहायला हवी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर. आतषबाजीच्या रात्री पलंगाखाली थरथरणारा कुत्रा अनेक मुलांनी पाहिलेला असतो. मग पुस्तकातले सगळे प्राणी फटाक्यांनी आनंदून का जातात? हे चित्र मला खोटं वाटतं आणि मी ते परत पाठवते.

शेवटच्या पानावर उपदेश

"अशा रीतीने सगळ्यांना कळलं की वाटून खाण्यातच खरा आनंद आहे." हे वाक्य, किंवा त्याचं भावंड, दर दुसऱ्या हस्तलिखितात असतं. लेखकांना वाटतं, प्राण्यांच्या तोंडून सांगितलं की मुलाच्या गळी उतरतं. संशोधन वेगळं सांगतं. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची आणि काहींना माणसांसारखे वागणाऱ्या प्राण्यांची. त्यानंतर आपले स्टिकर दुसऱ्याला देण्याचं प्रमाण माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांत वाढलं. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांत वाढलं नाही. त्याआधी २०१४ च्या एका अभ्यासात, पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंही दिसलं होतं, की प्राणी माणसांसारखे बोलणारे दाखवले की मुलं खऱ्या प्राण्यांबद्दलची माहिती कमी शिकतात आणि माणसाचे गुण प्राण्यांना चिकटवतात.

यावरून प्राण्यांच्या गोष्टी सोडून द्याव्यात असं मी मुळीच म्हणणार नाही. गंमत, भीती, ओढ, सुटका हे सगळं प्राण्यांतून मुलापर्यंत फार सुंदर पोचतं. उपदेशाचं ओझं मात्र त्यांच्या पाठीवरून काढा. आणि खऱ्या प्राण्याबद्दल सांगायचं असेल तर गोष्ट संपल्यावर एक वेगळं पान द्या: खऱ्या सशाचं चित्र, दोन-तीन साधी वाक्यं, तो पाय का आपटतो ते. गोष्टीतला ससा आणि माळावरचा ससा हे वेगळे आहेत हे मुलाला तिथे स्वच्छ दिसतं.

यमकासाठी अर्थ वाकवणं, आणि चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगणं

'ससा' आला की 'कसा', 'जसा', 'फसा' रांगेत येऊन उभे राहतात आणि गोष्ट त्यांच्या मागे फरफटत जाते. यमक जमत नसेल तर गद्य लिहा. तालबद्ध गद्य मोठ्याने वाचायला यमकाइतकंच छान लागतं.

दुसरी खोड जास्त त्रासदायक. एका मजकुरात असं होतं: "छोटा ससा खूप घाबरला होता. त्याने आपले लांब पांढरे कान खाली पाडले होते. बाहेर ढोल वाजत होता. आई त्याच्या शेजारी बसली होती." यातलं ढोलाचा आवाज सोडून बाकी सगळं चित्रात दिसणारच आहे. तेच असं लिहिता येतं:

"धप्प धप्प.
कान खाली.
धप्प धप्प.
एक कान वर."

उरलेलं चित्राला करू द्या. चित्रपुस्तकाला साधारण ३०० ते ६०० शब्द पुरतात. त्याहून जास्त झाले, तर बहुधा चित्राचं काम शब्द करत असतात. मजकूर मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तर पुस्तक पहिल्यांदाच बघणाऱ्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. वाचणारा जिथे अडखळेल तिथे वाक्य दुरुस्त करा, वाचणाऱ्याला नाही.

एकाच साच्यातून सगळी पुस्तकं काढणं

तयारी, काहीतरी हरवणं, सगळ्यांची मदत, सापडणं, जल्लोष. हा साचा एका पुस्तकाला चालतो. चौथ्या पुस्तकात मूल हरवलेली वस्तू कोणत्या पानावर सापडणार हे आधीच सांगतं. मालिका करताना पुस्तकांची नावं लिहिण्याआधी अडचणींची यादी करा, आणि त्या जातीने वेगळ्या असू द्या. एकात वस्तू हरवेल. एकात पाहुणा येणार नाही. एकात नायकाला सण आवडतच नाही. एकात सण संपल्यानंतरचा दिवस असेल: सजावट उतरते, पाहुणे निघतात, घर मोठं मोठं वाटायला लागतं. सणानंतरच्या दिवसावर फार कमी लिहिलं जातं, आणि मुलांना तो दिवस नेमका माहीत असतो.

वेळेचीही वाटणी करा. सण म्हणजे रात्र आणि दिवे, असं धरून चाललं की सगळी पुस्तकं शेजारी ठेवल्यावर एकसारखी निळी-काळी दिसतात. एक पहाटेचं, एक टळटळीत दुपारचं, एक पावसातलं असू द्या.

मुखपृष्ठावर फक्त सणाचं नाव मोठं लिहिलं, तर पुस्तक वर्षातले काही आठवडेच वाचलं आणि विकलं जातं. पात्राचं नाव किंवा त्याची अडचण शीर्षकात आणा. आणि सणाआधी दोन-तीन महिने तरी पुस्तक छापून हातात हवं. सणाच्या आठवड्यात छापखान्यातून बाहेर आलेलं पुस्तक पुढच्या वर्षापर्यंत कपाटात बसतं.

छपाईत गमावलेली पुस्तकं

चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण सोळा पानांचे दोन फॉर्मे (एकत्र छापून दुमडलेले गठ्ठे) होतात. त्यातून शीर्षकाची, श्रेयनामावलीची पानं गेली की गोष्टीला जेमतेम बारा ते चौदा जोडपानं उरतात. गोष्ट लिहितानाच तितक्या जोडपानांत विभागा. पुस्तक पूर्ण झाल्यावर पान वाढवायची वेळ आली, तर एक पान वाढत नाही, चार किंवा आठ वाढतात.

जोडपानाच्या मधल्या शिवणीत चेहरा जाऊ देऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही पंगतीच्या रुंद चित्रात मधोमध बसलेल्या आजीचंच नाक शिवणीत जातं. पात्रांच्या जागा पेन्सिलीच्या टप्प्यातच शिवणीपासून दूर ठरवा. कडेला कापणीसाठी किमान ३ मिलिमीटर चित्र जास्त हवं, नाहीतर पानाच्या काठाला पांढरी रेघ उमटते.

दिव्यांच्या चित्रांची खास अडचण आहे. पडद्यावर झगमगणारा निळा, जांभळा आणि केशरी रंग चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, रात्र मळकट होते. चित्रकाराने सुरुवातीपासून छपाईच्या रंगांत काम करावं, आणि उजेड चमकदार रंगाने नव्हे तर आसपासच्या अंधाराने दाखवावा. दिव्याभोवतीचा भाग गडद केला की साधा फिकट पिवळाही पेटतो.

अशा गडद पानावर पांढरी अक्षरं घालायचा मोह होतो. चार शाईंपैकी एखादी केसभर जरी सरकली, तरी देवनागरीच्या बारीक मात्रा, अनुस्वार, रफार बुजतात आणि 'दिवे' चं 'दिव' होतं. अक्षर जाड आणि मोठं घ्या, १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. त्याहून बरं म्हणजे चित्रातच उजेडाची जागा ठेवा, खिडकी, कंदिलाचं वर्तुळ, धुकं, आणि त्यात काळा मजकूर बसवा. टंक (फॉन्ट) बदलताना जोडाक्षरं फुटतात का ते प्रत्येक पानावर पाहा. 'ख्रिसमस', 'लक्ष्मीपूजन', 'पौर्णिमा' हे शब्द तपासायला चांगले.

डमी तयार आहे, पण जमत नाहीये

काही तक्रारी वारंवार येतात, त्यांची कारणंही बहुधा ठरलेली असतात.

मूल मध्येच पानं उलटून पुढे जात असेल, तर तिथल्या दोन जोडपानांत काहीच बदललेलं नसतं. एक काढून टाका. मूल चित्रातल्या भलत्याच कोपऱ्यात रमत असेल, तर तिथे काय आहे ते बघा, कदाचित तुमची खरी गोष्ट तिथे आहे. शेवटी मूल "मग?" असं विचारत असेल, तर अडचण सुटली पण सण आलाच नाही, किंवा सण आला आणि अडचण तशीच राहिली. ज्यांचा तो सण नाही अशा घरात पुस्तक कळत नसेल, तर माहिती वाढवू नका, पात्राची इच्छा पहिल्या दोन पानांत आणा. "मला मिरवणूक बघायचीय" हे कुठल्याही मुलाला कळतं. ज्यांचा सण आहे त्या घरात पुस्तक परकं वाटत असेल, तर बहुधा सगळं नेमकं असूनही घरातलं काहीच नसतं: गडबडीत ओरडणारी आई, झोपून गेलेलं धाकटं भावंड, उशिरा येणारा मामा. त्यासाठी पुन्हा त्या माणसांकडे जा आणि सणाची माहिती विचारू नका. लहानपणी त्या दिवशी घरात कोणाला कशावरून रागावलं जायचं, ते विचारा.